नव्या प्रकल्पाच्या सांडपाण्याची मंजुरी का अडकते? या चुका टाळा

नव्या जागेवर प्रकल्प उभा करायचा म्हटलं की मोजणी, एनए, फायर एनओसी, झाडांची परवानगी यांच्या मागे सगळे धावतात. सांडपाण्याचा आराखडा मात्र शेवटच्या आठवड्यात, जुन्या प्रकल्पाची फाईल समोर ठेवून, नुसते आकडे बदलून तयार होतो. मग क्वेरी येते, उत्तर जातं, पुन्हा क्वेरी येते आणि 'साहेब मुद्दाम अडवतात' अशी कुरकुर सुरू होते. कधीकधी अडवतातही. पण बहुतेक फायली अडलेल्या असतात त्या एकाच प्रश्नावर: ऑगस्ट महिन्यात, बागेला थेंबभरही पाणी नको असताना, प्रक्रिया करून उरलेलं पाणी जाणार कुठे? याचं उत्तर आधी शोधून ठेवलं तर बाकीची कागदं त्यामागून बरीचशी सरळ होतात. इथे डोळ्यांसमोर आहेत ते मुंबईबाहेरच्या शहरांच्या कडेने होणारे गृहप्रकल्प आणि प्लॉटिंग, कारण ही अडचण तिथेच जास्त.

गटारलाइन 'आहेच' असं धरून चालणं

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. हद्द कागदावर एका दिवसात बदलते, मलनिःसारणाची वाहिनी तशी येत नाही. तरीही अर्जात बिनधास्त लिहिलेलं असतं, 'उर्वरित पाणी मनपाच्या ड्रेनेज लाइनला जोडले जाईल'. छाननीत पहिला प्रश्न येतो: कुठल्या चेंबरला? साइटपासून तो किती लांब आहे? मधली जमीन कोणाची आहे?

'लाइन प्रस्तावित आहे' हे उत्तर पुरत नाही. विकास आराखड्यातला रस्ताच ताब्यात आलेला नसेल तर त्याखालची लाइन कधी पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. शेजारच्या शेतातून पाइप न्यायचा असेल तर त्या गटधारकाची लेखी, नोंदवलेली संमती लागते. चहा पिता पिता मिळालेला होकार फाईलला लावता येत नाही. आणि पावसाळी गटार म्हणजे ड्रेनेज नव्हे. रस्त्याकडेच्या स्टॉर्म वॉटर लाइनला किंवा नाल्याला सांडपाणी दाखवलं की फाईल तिथेच थांबते, आणि थांबायलाच हवी.

लाइन खरोखर असली तरी लेव्हल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिशोब असा बघा. रस्त्याची पातळी १००.०० मीटर धरली आणि मनपाच्या चेंबरचा तळ रस्त्याखाली १.२ मीटर आहे, म्हणजे ९८.८० वर. तुमचा प्लॉट नाल्याकडे उतरता असल्याने मागची कडा ९८.५० वर. तिथल्या पहिल्या चेंबरची खोली ०.६ मीटर धरली तर तळ आला ९७.९०. तिथून रस्त्यापर्यंत १२० मीटर पाइप, उतार शंभरास एक, म्हणजे आणखी १.२ मीटर खाली: ९६.७०. मनपाचा चेंबर तुमच्या पाइपपेक्षा दोन मीटरहून वर राहिला. पाणी चढून जात नाही. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, पाणी पंपाने उचलता येईल, पण मग पंप, त्याचा स्टँडबाय, जनरेटरवरचा लोड आणि प्रेशर लाइन हे सगळं नकाशात आणि अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे. ऑटो लेव्हल लावून एका दिवसात होणारं हे काम लोक मंजुरीनंतर करतात, याचं मला कायम नवल वाटतं. चेंबरचं झाकण उघडून आतली खोली टेपने मोजा. मनपाच्या नकाशावर लिहिलेली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांचं जमेलच असं नाही, कारण वर रस्त्याचे थरावर थर चढलेले असतात.

क्षेत्र मोजताना एफएसआयवर थांबणं

२००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राला पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, लागते. या क्षेत्रात तळघर आणि सेवांसाठीच्या जागांसकट सगळ्या मजल्यांचं आच्छादित बांधकाम येतं. एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामात, धरत नाही म्हणून पार्किंगचे मजले वगळले आणि आकडा १९,००० वर बसवला, हा जुना खेळ आहे. पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये विकसकाला १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम भरायला सांगितली. एफएसआय आणि बांधकाम क्षेत्र वेगळं असल्याचा बचाव तिथे टिकला नाही.

सांडपाण्याच्या अर्जाशी याचा संबंध थेट आहे. मनपाच्या नकाशात एक क्षेत्र, ईसीच्या अर्जात दुसरं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फॉर्ममध्ये तिसरं असलं की छाननी करणारा आधी तिथेच बोट ठेवतो. फ्लॅटची संख्या आणि गट नंबर यांचंही तसंच. आर्किटेक्टच्या सहीचं एकच क्षेत्र-विवरणपत्र करून घ्या आणि सगळीकडे तेच जोडा. मधेच नकाशा सुधारला तर सगळीकडचे आकडे सुधारा, एकाच ठिकाणचे नव्हे.

पाण्याचा ताळेबंद जुळवून आणणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सावकाश बघू. ३०० फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे १,५०० लोक. माणशी रोज १३५ लिटर धरले तर गरज २०२.५ केएलडी, म्हणजे दिवसाला दोन लाख अडीच हजार लिटर. त्याचे सरसकट ८० टक्के घेतले की सांडपाणी १६२ केएलडी येतं आणि एसटीपी १६५ ची दाखवली जाते.

पण नव्या प्रकल्पात फ्लशिंगला वेगळी लाइन असते. १३५ पैकी ९० लिटर घरगुती वापर, ४५ लिटर फ्लशिंग. फ्लशिंगचं पाणी सगळंच्या सगळं परत येतं: ६७.५ केएलडी. घरगुती १३५ केएलडीचे ९० टक्के धरले तर १२१.५. बेरीज १८९. म्हणजे १६५ ची एसटीपी कागदावरच अपुरी ठरली. क्लब हाउस आणि दुकानं यात अजून धरलेलीच नाहीत.

आता उलट्या बाजूने चला. १८९ पैकी गाळाबरोबर आणि इतर घट जाऊन १८० च्या आसपास शुद्ध पाणी हातात येईल. फ्लशिंगला ६७.५ लागेल. २,५०० चौरस मीटर बागेला चौरस मीटरमागे ५ लिटर दिले तर १२.५. एकूण ८०. रोज शंभर केएलडी उरलं, पावसाळ्यात त्याहून जास्त. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तर बहुधा अट असते की ६० टक्के पाणी पुन्हा वापरा आणि उरलेलं बागेला व स्थानिक संस्थेच्या ड्रेनेजला मीटर लावून द्या. फ्लशिंग आणि बाग मिळूनही इथे ४५ टक्क्यांच्या आतच वापर होतो.

यावर उपाय म्हणून लोक काय करतात? बाग वाढवतात, कागदावर. नकाशात आरजी, म्हणजे बागेसाठी राखलेली मोकळी जागा, २,५०० चौरस मीटर आणि ताळेबंदात हिरवळ ७,०००. किंवा चौरस मीटरला १५ लिटर पाणी. छाननी करणाऱ्याला हे एका नजरेत कळतं. त्यापेक्षा गाड्या धुणं, पार्किंग आणि रस्ते धुणं, कुलिंग टॉवर असेल तर त्याचं पाणी, क्लब हाउसचं फ्लशिंग हे खरे वापर शोधा आणि उरलेल्या पाण्यासाठी ड्रेनेजची जोडणी पक्की करा. टँकरने बांधकामाला पाणी देऊ म्हणत असाल तर घेणारा कोण, किती घेणार, हे लेखी द्या, आणि पावसाळ्यात तो घेणार नाही हेही लक्षात ठेवा. ताळेबंद दोन करा, एक पावसाळ्याचा आणि एक इतर महिन्यांचा. एकच दिला की क्वेरी ठरलेली.

शुद्धतेचा आकडाही जुन्या फाईलमधून उचलू नका. गृहप्रकल्पांच्या संमतीपत्रात आता बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० मिलिग्रॅम प्रतिलिटर मागितला जातो. ३० साठी आखलेली एसटीपी तिथे चालत नाही, आणि मंजुरीनंतर टाकी वाढवायला जागा उरलेली नसते.

प्लॉटिंगला 'सेप्टिक टँक आणि शोषखड्डा' असं एका ओळीत उरकणं

बंगल्यांच्या प्लॉटिंगला ड्रेनेज नसेल तर हा मार्ग खुला आहे, पण जमीन पाणी पिते का हे दाखवावं लागतं. पाझर चाचणीत खड्ड्यातली पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजतात. भारतीय मानक २४७० नुसार हा वेळ ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये पाझर चर लागतात आणि त्याहून जास्त असेल तर वेगळी प्रक्रिया करावी लागते.

चूक होते ती चाचणीच्या वेळेत. काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओता, बघता बघता नाहीसं होतं आणि अहवाल झकास येतो. जुलैत तीच माती फुगून बंद होते आणि खड्डा वर भरून येतो. म्हणून चाचणीआधी खड्डा पाण्याने भरून रात्रभर भिजत ठेवायचा असतो आणि मोजणी दुसऱ्या दिवशी करायची असते. हे टाळून आणलेला अहवाल म्हणजे फक्त मंजुरीपुरता कागद. घर बांधणाऱ्याच्या अंगणात त्याचा वास येतो.

कोकणात नेमकं उलटं. जांभा पाणी इतकं झपाट्याने सोडतो की चाचणी उत्तम येते आणि खालची विहीर नासते. पाझराची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर हवी. फक्त स्वतःच्या प्लॉटमधली नव्हे, शेजारच्या गटातली विहीर आणि बोअरही नकाशावर दाखवा. पाच-पाच गुंठ्यांचे चाळीस प्लॉट असतील तर प्रत्येकाचा खड्डा आणि प्रत्येकाची बोअर यांच्यात हे अंतर बसवून बघा. बरेचदा बसत नाही. मग सामायिक एसटीपीला किंवा सामायिक पाणीपुरवठ्याला पर्याय राहत नाही, आणि हे लेआउट पाडण्याआधी कळलेलं बरं.

एसटीपीला उरलेली जागा देणं

पार्किंग बसवून झालं की तळघराचा जो कोपरा राहील तो एसटीपीचा. तिथे गाळ उपसायला टँकर पोचत नाही, बीमखाली उंची कमी पडते, ब्लोअरचा आवाज पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये जातो. पिण्याच्या पाण्याची टाकी एसटीपीला भिंत लागून दाखवलेले नकाशेही येतात. पुढे भिंतीला तडा गेला तर काय होईल, याचा विचार कोणी केलेला नसतो. हवा खेळण्याची सोय, गाळ काढायची वाट आणि मीटरची जागा नकाशात काढा. फ्लशिंगची दुहेरी लाइन प्लंबिंगच्या नकाशात वेगळ्या रंगात दाखवा.

क्वेरी आली तर

मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्या आणि बदललेल्या नकाशाला नवा क्रमांक व तारीख घाला. 'नोंद घेतली आहे, पूर्तता करण्यात येईल' अशा उत्तराने फक्त आणखी एक क्वेरी ओढवते. मंडळाचं शुल्क प्रकल्पाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यामुळे सीएच्या प्रमाणपत्रात जमिनीची किंमत गाळून आकडा लहान केला असेल तर फरक भरेपर्यंत फाईल हलत नाही.

'चार महिने झाले, आता संमती मिळाल्यातच जमा' असं सांगणारे सल्लागार भेटतात. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ मध्ये तशी तरतूद आहे खरी, पण ते चार महिने मोजायचे सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जापासून. क्वेरी उघडी असताना त्या भरवशावर खोदाई सुरू करू नका. त्याच कलमानुसार संमती आधी लागते, उभारणीचं पाऊल नंतर.

ताबा टप्प्याटप्प्याने द्यायचा असेल तर एसटीपीही दोन भागांत आखा. २०० केएलडीच्या टाकीत पहिल्या वर्षी पंचवीस-तीस घरांचं पाणी आलं तर जिवाणू उपाशी मरतात, नमुना नापास होतो आणि चालवण्याची संमती लटकते. शंभर-शंभरचे दोन भाग असले तर एकच सुरू ठेवून, तेवढ्याच इमारतींसाठी अंशतः संमतीचा अर्ज करता येतो. मात्र हे दोन भाग पहिल्याच अर्जाच्या नकाशात दाखवलेले हवेत.