डार्क अँबियंट ऐकायचं कसं: कोकणातल्या घरासाठी

डार्क अँबियंट या संगीतप्रकारात ताल नाही, गाणं नाही, बऱ्याचदा सूरही धड हाती लागत नाही. जे आहे ते दोन टोकांना. तळाशी ३० ते ८० हर्ट्झमधला (म्हणजे सेकंदाला ३० ते ८० कंपनांचा) खर्ज, आणि वर जेमतेम ऐकू येणारी खसखस, घासल्याचे आवाज, लांब विरत जाणारा घुमारा. मोबाईलच्या स्पीकरवर पहिलं टोक येतच नाही, आणि पंखा चालू असला की दुसरं बुडतं. मधलं काहीतरी उरतं आणि "यात आहे काय?" असा प्रश्न पडतो. त्यामुळे अल्बम शोधण्याआधी ही दोन टोकं कानापर्यंत पोचतात का ते बघा.

आधी खर्ज तपासा

टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि आवाज कमी ठेवून २०० हर्ट्झपासून १००, ६०, ४०, ३० असं खाली उतरा. फोनचा स्पीकर २०० लाच मान टाकतो. तळहाताएवढे ब्लूटूथ स्पीकर साधारण ८०-१०० च्या खाली फारसं काही देत नाहीत. ४० चा सूर आला नाही म्हणून आवाज वाढवू नका. छोटा स्पीकर ताणला की ४० ऐवजी ८० आणि १२० ची भरभर काढतो, आणि तोच खर्ज असं आपण समजून बसतो.

कान पूर्ण झाकणारे, वायरचे साधे हेडफोन बहुधा ३० पर्यंत उतरतात. सुरुवात त्यांनीच करावी. इअरफोन असतील तर ४० हर्ट्झ लावून रबरी टोपी बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर खर्ज भरून आला तर टोपी सैल आहे, एक माप मोठी लावा. नॉइज कॅन्सलेशन पंख्याची घरघर चांगली कापतं, पण शांत जागी त्याचीच बारीक सळसळ ऐकू येते. पावसाळ्यात चालू, थंडीत बंद, एवढं धोरण पुरे.

स्पीकर असतील तर

चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब अशा खोलीत खर्ज कोंडतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये १२ फूट अंतर असेल तर साधारण ४७ हर्ट्झचा सूर भिंतीलगत फुगतो आणि बरोबर मध्यावर गायब होतो. ड्रोन, म्हणजे एकच सूर लांबवर धरून ठेवणारं संगीत, लावून खोलीत चालून बघा, कानाला लगेच कळेल. बसायची जागा मागच्या भिंतीपासून चारेक फुटांवर घ्या. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यात कधीच नाही. खाट भिंतीला लावून आडवं होऊन ऐकणं सगळ्यांना आवडतं, पण तिथे नुसता खर्ज छातीवर बसतो आणि वरचे तपशील हरवतात. बिनमाळ्याचं कौलारू माजघर या बाबतीत उजवं, कारण कौलांच्या फटींतून खर्ज निघून जातो.

नंतर टोन जनरेटरवर ३० ते ८० हर्ट्झ सावकाश फिरवा आणि घरात काय वाजतं ते ऐका. फडताळातला पेला, खिडकीचं सैल तावदान, देवघरातली समई, काहीतरी नक्की थरथरतं. त्याखाली कापडाची घडी सरकवा.

विजेची घरघर वेगळी ओळखायला हवी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि हे संगीतही तिथेच घुटमळतं. शंका आली की पॉज दाबा. घरघर राहिली तर ती संगीताची नाही. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि बाकी सगळं एकाच बोर्डावर घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप्लिफायर किरकिरतो, त्याला घरगुती इलाज नाही. वीज गेली की हेडफोनवर जा. फ्रीज, पंखा, पाण्याचा पंप सगळं बंद, एवढी शांतता एरवी घरात मिळत नाही.

तिसरा स्पीकर

अँबियंट संगीताला नाव मिळवून देणाऱ्या ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने १९८२ च्या 'ऑन लँड' या अल्बमसोबतच्या मजकुरात एक सोपी जोडणी दिली होती. ज्यांच्याकडे जुना अँप्लिफायर पडून आहे त्यांनी ती जरूर करून बघावी. नेहमीचे दोन स्पीकर समोर. तिसरा, लहानसा, बसायच्या जागेमागे. त्याची एक वायर डाव्या चॅनेलच्या लाल टर्मिनलला, दुसरी उजव्या चॅनेलच्या लाल टर्मिनलला. काळ्या टर्मिनलला काहीच नाही. मग तिसऱ्या स्पीकरमधून फक्त डाव्या-उजव्यातला फरक येतो. घुमारा, लांबचे आवाज, जागेचा अंदाज देणारं जे काही असतं ते बहुतेक या फरकातच असतं. खर्ज दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो मागे येत नाही, म्हणून चार इंची जुना स्पीकरही चालतो.

जोडण्याआधी एक तपासणी टाळू नका. अँप्लिफायर बंद, प्लग काढलेला, आणि मल्टिमीटर दोन्ही काळ्या टर्मिनलवर. जवळपास शून्य ओहम आला तरच पुढे जा. हल्लीचे बरेचसे छोटे क्लास-डी अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात, त्यांच्यात काळं टर्मिनल अर्थ नसतं आणि ही जोडणी त्यांच्यासाठी नाही. तिसरा स्पीकर ८ ओहमचा घ्या, त्याच्याशी सिरीजमध्ये १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावा आणि आवाज मध्यमच ठेवा. जोडणी बरोबर झाली का हे कळायला जुनं मोनो नाट्यगीत लावा. मागचा स्पीकर जवळजवळ मुका झाला पाहिजे. नाही झाला तर बॅलन्सची खुंटी मध्यावर नाही.

कधी ऐकावं

समुद्राकाठी बसून ऐकायची कल्पना छान वाटते, पण जागा चुकीची आहे. गाज म्हणजे सतत चालणारा, खालपासून वरपर्यंत पसरलेला आवाज. ती या संगीताचा तळच झाकते, आणि मग माणूस आवाज वाढवत बसतो. शिवाय कान बंद करून खडकांवर बसायचं आणि भरती पाठीमागून यायची, हा धोका वेगळाच. किनाऱ्यालगत घर असेल तर पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा आणि रात्री मतलई वारा सुटेपर्यंत थांबा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला की गाज बहुधा मागे हटते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री अकरानंतर, ही सगळ्यात चांगली वेळ. रातकिड्यांची काळजी नको. त्यांचा आवाज कित्येक हजार हर्ट्झवर, त्यामुळे तळाला धक्का लागत नाही. बंदरापाशी मात्र ट्रॉलरची डिझेल इंजिनं खाडीवरून दूरवर ऐकू येतात आणि थेट ड्रोनमध्ये मिसळतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा इंजिनं गप्प, पण पत्र्यावरचा पाऊस कुणालाच बोलू देत नाही. त्या दिवसांत दाट, भरगच्च ध्वनीचे अल्बम घ्या, निःशब्दतेवर उभे असलेले उघडिपीसाठी ठेवा. नुसत्या पागोळ्या गळत असतील तर हेडफोनवर काहीही चालतं.

लावताना

इक्वलायझर, बेस बूस्ट, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळ्या ट्रॅकचा आवाज आपोआप सारखा करणं), क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) सगळं बंद, आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू. रेंजच्या भरवशावर राहू नका, आधी उतरवून ठेवा. ३२० केबीपीएसचा एमपी३ तासाला साधारण १४४ एमबी घेतो. १२८ वर विरणारा घुमारा पाण्यात बुडाल्यासारखा फसफसतो, आणि इथे तर घुमारा हाच माल आहे.

आवाज सुरुवातीवरून कधीच लावू नका. पहिली दोन-तीन मिनिटं अनेकदा कुजबुजीत जातात, तिथे वाढवलेला आवाज पुढे कानात घुसतो. आधी मधला सगळ्यात दाट भाग शोधा, तिथे आवाज सोसवेल इतका लावा, मग सुरुवातीला या आणि हात काढून घ्या. अगदी हळूही नको, कारण कमी आवाजात आपले कान खर्ज आधी गाळतात. वरची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली आहे: आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. त्याच्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते.

पहिली दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटेल, ती जाऊ द्या. नंतर एकच थर धरा. सगळ्यात खालचा धरला तर त्याच्यातला डोल ऐका. ५० आणि ५१ हर्ट्झचे सूर एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा येतो. तानपुरा जुळवताना दोन तारा जवळ आल्या की जो डोल ऐकू येतो, तोच हा, फक्त फार खाली. दुसऱ्यांदा ऐकताना वरचा थर धरा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. झोपेसाठी म्हणून लावायचं असेल तर खुशाल लावा, पण ते ऐकण्यात मोजू नका.

काय ऐकावं

बायोस्फिअर या नावाने काम करणाऱ्या संगीतकाराचा 'सबस्ट्राटा' (१९९७) पहिला, थंड पण माणसाळलेला. मग 'ऑन लँड'. तिसरा 'डीप लिसनिंग' (१९८९). पॉलिन ऑलिव्हेरोस आणि सहकाऱ्यांनी तो अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वॉर्डनच्या जमिनीखालच्या रिकाम्या टाकीत वाजवला, जिथे घुमारा ४५ सेकंद टिकतो. वाद्यं अकॉर्डियन, ट्रॉम्बोन वगैरे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक असं काही नाही, पण घुमारा ऐकायची सवय लावायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. त्यानंतर लस्टमॉर्डचा 'हेरेसी' (१९९०), गुहा-तळघरांतल्या ध्वनींमधून घडवलेला. पावसाळ्यातही टिकतो. थॉमस क्योनरचा 'पर्माफ्रॉस्ट' (१९९३) शेवटी. हेडफोन नीट नसतील तर त्यात जवळपास काहीच ऐकू येणार नाही, इतका तो खाली वाजतो.

दमट हवेत सामान

हेडफोनच्या गाद्यांचं नकली चामडं दमटपणाने विघटित होतं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. मखमली किंवा कापडी गाद्या बसवा. जूनच्या आधी सगळं झाकणबंद डब्यात, सोबत ५० ग्रॅम सिलिका जेल, आणि गोळ्यांचा रंग बदलला की त्या कढईत मंद आचेवर सुकवून पुन्हा डब्यात. खाऱ्या हवेने ३.५ एमएमची पिन काळवंडते. एका कानातला आवाज जाऊन-येऊन असेल किंवा पिन फिरवताना खरखर होत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सॉकेटमध्ये पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा गेला की गंज लवकर चढतो. आणि मृगाच्या आधीच्या वळवात गडगडाट ऐकू आला की अँप्लिफायरचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.