महायुद्धात मरण पावलेल्या सातारा जिल्ह्यातल्या पणजोबांची नोंद शोधताना

आधी घरातली ट्रंक उघडा. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग लावून जशीच्या तशी उतरवून घ्या. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर मोफत शोधा. आडनावावर विसंबू नका, ते बऱ्याचदा नोंदलेलंच नसतं. नुसतं नाव टाका, स्पेलिंग बदलून पाहा; वडिलांचं नाव, गाव आणि ‘सातारा’ यावरून खात्री करा. पलटणीची नावं १९२२ मध्ये बदलली, म्हणून पहिल्या महायुद्धासाठी १०३, ११० किंवा ११७ मराठा असे जुने क्रमांक तपासा. सांगलीकरांनीही ‘सातारा’ शोधून पाहावं, तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते.