सिंगापूरमध्ये सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेताना

नोकरीनिमित्त सिंगापूरला जाणाऱ्या कुटुंबाने दरांची चौकशी करण्याआधी जागा नेमकी किती दिवसांसाठी हवी आहे हे ठरवावे, कारण तेथे राहण्याची किमान मुदत सरकारी नियमांनी बांधलेली आहे. खासगी कॉन्डो, म्हणजे खासगी गृहसंकुलातील सदनिका, सलग 3 महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही आणि एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) सदनिकेसाठी ही मर्यादा 6 महिन्यांची आहे. सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारख्या सेवांसह मिळणारी सुसज्ज सदनिका, मात्र 7 दिवसांपासून मिळते. दीर्घ मुक्कामासाठी किमान 3 महिन्यांच्या मुदतीचा एक नवा प्रकारही 2023 मध्ये जाहीर झाला. म्हणूनच 'आठवड्यासाठी कॉन्डो' अशी स्वस्त जाहिरात दिसल्यास तिच्या वाटेला जाऊ नये. अशाच अल्पमुदतीच्या भाड्यापायी 2018 मध्ये जागा देणाऱ्या दोघांना प्रत्येकी 60,000 सिंगापूर डॉलरचा दंड झाला होता, आणि लहान मुले व सामान घेऊन उतरल्यावर जागा हातची जाणे कोणालाच परवडणारे नाही.

मुदत ठरली की दराकडे वळावे. दरापुढे अधिकची दोन चिन्हे (++) असतील, तर त्यावर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे रोजचे 200 डॉलर प्रत्यक्षात 239 डॉलर 80 सेंट होतात, आणि महिन्याच्या हिशेबात हा फरक सुमारे 1,200 डॉलरवर जातो. त्यामुळे सर्व करांसह एकूण रक्कम लेखी मागावी. वीज, पाणी, इंटरनेट आणि साफसफाई सहसा त्यात धरलेली असते, तरी विजेच्या वापरावर मर्यादा आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण तिथल्या दमट हवेत वातानुकूलन यंत्र फारसे बंद राहत नाही.

तुलना करताना साध्या घराचा खर्चही पूर्ण मांडावा. महिना 4,000 डॉलरच्या दोन वर्षांच्या करारावर 0.4 टक्के दराने 384 डॉलर मुद्रांक शुल्क होते आणि ते बहुधा भाडेकरूच भरतो. त्याखेरीज अनामत रक्कम अडकून पडते. माझ्या मते पहिले चार ते सहा आठवडे सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये काढून, त्या काळात शाळा आणि कार्यालयाचा रस्ता पाहून मगच मोठा करार करावा. करार एजंटमार्फत होणार असेल, तर त्याची नोंदणी इस्टेट एजन्सी परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत तपासून घ्यावी.

रॉबर्टसन की (Robertson Quay) आणि रिव्हर व्हॅली या मध्यवर्ती भागांत अशा इमारती बऱ्याच आहेत. कार्यालय शहराच्या पूर्वेकडील चांगी बिझनेस पार्कला असेल, तर मात्र तेथून रोजचा प्रवास लांबचा पडतो. स्वयंपाकघराचीही चौकशी आधीच करावी. पुष्कळ ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमची कढई तापत नाही, तेव्हा इंडक्शनला चालणारा कुकर सोबत न्यावा. डाळ, पोहे आणि मसाले लिटिल इंडियात सहज मिळतात.