जुन्या मॅसीची लिफ्ट बसतेय? पंप बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या वर्षी ऐन नांगरटीत आमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं औजार तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा, बसायला लागली, म्हणजे नांगर वर उचलून बांधाला वळेपर्यंत तो निम्मा खाली आलेला असायचा, आणि बंद करून चहा प्यायला गेलं की आल्यावर फाळ जमिनीत. आम्ही लोणी काळभोरचे, कॅनॉलखालचं काळं रान, आणि ट्रॅक्टर आबांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन, जुन्या ३५ मॉडेलच्या घराण्यातला. मिस्त्रीने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा, पंप गेला." पंप आणला, बसवला, पैसे दिले आणि लिफ्ट तशीच बसत राहिली. शेवटी निघालं काय, तर एक ओरिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग, चहाच्या किमतीची.

म्हणून पहिली चूक हीच, लिफ्टचं काहीही झालं की पंपावर बिल फाडायचं. "उचलतच नाही" आणि "उचलते पण टिकत नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत भाऊ. या ट्रॅक्टरचा पंप पोटात, तेलात बुडालेला असतो, चार पिस्टनचा, आणि इंजिन बंद केलं की तो फिरतच नाही. मग बंद ट्रॅक्टरवर नांगर खाली येतोय म्हणजे आत अडकवून ठेवलेलं तेल कुठून तरी निसटतंय. एकतर लिफ्टच्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग किंवा सील, नाहीतर पंपातून वर सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपच्या ओरिंगा, नाहीतर पंपातलेच व्हॉल्व्ह. आम्ही नंतर केलं ते आधी करायला पाहिजे होतं, औजार वर घेऊन इंजिन बंद, तेल कव्हरच्या खाली येईल एवढं काढलं, बाजूचं कव्हर खोललं आणि लांबून बॅटरी मारली. पाइपच्या बुडाशी तेलाची बारीक पिचकारी सरळ दिसत होती. हात आत घालायचा नाही, आणि औजाराखाली तर कुणी जायचंच नाही. या प्रेशरचं तेल बारीक भोकातून आलं तर कातडीत घुसतं आणि वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात.

रात्रभर उभा ठेवल्यावर जुन्या ट्रॅक्टरचा नांगर थोडा उतरला तर मात्र जीवाला लावून घेऊ नका, एवढं चालतं.

आता उचलतच नाही म्हणणाऱ्यांसाठी. आमच्याकडे नवीन ड्रायव्हर आला होता, तो बांधाला आला की क्लच दाबून लिव्हर वर करायचा आणि ओरडायचा, लिफ्ट गेली, लिफ्ट गेली. अरे बाबा, सिंगल क्लचच्या गाडीत क्लच दाबला की पंपही थांबतो, लिफ्ट कुठून उचलणार! ते बघून झाल्यावर तेलाची पातळी बघा, ट्रॅक्टर सपाटीवर लावून, उताराला लावून नाही. तेल कमी किंवा तेल गाळायची जाळी चोंदलेली असेल तर पंप हवा ओढतो, कण्हल्यासारखा आवाज येतो आणि लिफ्ट धक्के खात उचलते. बरेच लोक जाळी साफ न करता नुसतं तेल बदलतात, म्हणजे अंघोळ करून तेच कपडे घालायचे.

तेलाचं अजून एक. या गाडीत गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि हायड्रॉलिक सगळं एकाच तेलावर, तीसएक लिटर बसतं. त्यामुळे "थोडं इंजिन ऑइल उरलंय, टाक त्यातच" हा उद्योग महागात पडतो. जूनमध्ये ट्रॅक्टर गोठ्याबाहेर उभा असला आणि गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की पाणी तिथूनच आत जातं. तेल काढल्यावर दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते नवीन तेलात मिसळून चालवू नका, पूर्ण काढा. आणि रबर बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, सीटच्या मागची ती जाड स्प्रिंग, जिच्या तोंडाला टॉप लिंक, म्हणजे औजार धरणाऱ्या तीन दांड्यांपैकी वरचा, अडकते. ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे ओढ वाढली-कमी झाली की लिफ्टने आपोआप नांगर वरखाली करायचा, सगळा खेळ तिच्यावर. नांगराला जमीन जड लागली की टॉप लिंक स्प्रिंगला पुढे ढकलते, स्प्रिंग आतल्या दांड्याला हलवते, आणि लिफ्ट नांगर जरासा वर घेते. मोकळं लागलं की परत खाली. आता त्या स्प्रिंगमध्ये ढिलाई असेल तर निरोप उशिरा पोचतो, नांगर आधी खूप खाली जातो मग उडी मारतो, आणि तासाचा, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीचा, तळ बघितला तर पायऱ्या पायऱ्या. लोक म्हणतात जमीनच तशी आहे. नाही हो, टॉप लिंक काढा, त्या तोंडाला दोन्ही हातांनी धरा, मागे ओढा, पुढे ढकला. टक आवाज आला, हाताला खेळ जाणवला की समजायचं.

ही ढिलाई दोन ठिकाणची असते आणि इथेच गोंधळ होतो. एक स्प्रिंगची स्वतःची, तोंड आणि स्प्रिंग यांच्यातली. ती काढायला स्प्रिंग बाहेर काढून तोंडाचं लॉक सोडायचं आणि खेळ जाईपर्यंत तोंड फिरवायचं, पण इतकं नाही की स्प्रिंग दाबली जाईल. स्प्रिंग बोटांनी जेमतेम फिरली पाहिजे, पुढेमागे हलली नाही पाहिजे, बस. दुसरी ढिलाई बाहेरच्या मोठ्या नटाची, जो सगळं हाऊसिंगमध्ये धरतो. तो खेळ जाईपर्यंत आवळायचा. बहुतेक जण नुसता बाहेरचा नट पिळत बसतात आणि आतली ढिलाई तशीच राहते. आणि तो नट कृपा करून छिन्नी-हातोडीने फिरवू नका, खाचा मोडतात, मग लेथवाल्याकडे चकरा. भोसरीत कुणाकडून तरी त्या मापाचा पाना बनवून घ्या, एकदाच लागतो आणि गावात सगळे मागायला येतात.

लिंकांच्या पिनांबद्दल थोडक्यात. कॅटेगरी १ च्या, म्हणजे या मापाच्या ट्रॅक्टरच्या, जोडणीला टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर, खालच्या दोन्हीची २२. पिन हरवली की घरातला सोळाचा बोल्ट घालायचा ही आपली सवय, आणि मग भोक लंबगोल होतं, बॉल झिजतो, औजार डुलायला लागतं. नाना पेठेत जाऊन पिना आणायला अर्धा दिवस जातो हे खरं, पण आणा.

खालच्या लिंका आडव्या डुलू नयेत म्हणून असलेली चेन दोन्ही बाजूंना किती ढिली ठेवायची, हे औजारावर. नांगराला आडवं साधारण दोन इंच हलायला जागा ठेवा, त्याला स्वतःची वाट पकडू द्या. फवारणीच्या टाकीला किंवा रोटरला मात्र आवळून, नाहीतर टायरला घासेल. आणि उजव्या उचल-दांड्याचा, म्हणजे खालच्या लिंकला वर उचलणाऱ्या दांड्याचा, हँडल शोभेला नाहीये. पहिलं तास दोन्ही दांडे सारखे ठेवून काढायचं, मग उजवं चाक तासात उतरलं की ट्रॅक्टर तिकडे कलतो, तेव्हा तो दांडा आखूड करून नांगर जमिनीशी सपाट करायचा.

एक धोक्याची गोष्ट, फसलेली ट्रॉली किंवा ओंडका ओढायला साखळी टॉप लिंकच्या जागी बांधू नका. खूप जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरचा नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठून मागे ड्रायव्हरवर उलटायचा, हॅरी फर्ग्युसनने ही तीन लिंकांची जोडणी काढली त्यामागे ते एक कारण होतं. वरून ओढलं की आपण तोच अपघात स्वतःच्या हाताने परत घडवतो. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीलाच.

शेवटचं, लिफ्टचं वरचं कव्हर परत बसवताना एकट्याने बसवू नका. कव्हरखालचे दांडे पंपाच्या व्हॉल्व्हच्या लिव्हरशी बरोबर जुळले पाहिजेत, आणि ते वरून दिसत नाही. एक जण कव्हर हळू उतरवणार, दुसरा बाजूच्या कव्हरमधून बॅटरी धरून बघणार, असंच करायचं. ओरिंग बदलल्यावर मी उत्साहात एकटाच बसवलं, चालू केलं, लिफ्ट झक्कास वर गेली, आणि मग खाली यायचं नावच घेईना, लिव्हर खाली केला तरी जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आत किंचाळतोय. आबा ओट्यावरून म्हणाले, "आता टिकतीय ना पण?" दुसऱ्या दिवशी धाकट्याला बॅटरी धरायला घेऊन सगळं परत खोललं.