रक्तगट वेगळा असताना स्टेम सेल प्रत्यारोपण: या चुका टाळा

'मॅरो (हाडांतला मगज, स्टेम सेलचं घर) जुळला म्हणजे रक्तगट जुळलाच' हा समज नातेवाइकांचा असतो, तसा नव्या डॉक्टरांचाही. एचएलएची, म्हणजे ज्या खुणांवरून दाता जुळवतात त्यांची, जनुकं 6 व्या गुणसूत्रावर, ए-बी-ओ गटाची 9 व्या. त्यामुळे एचएलए पूर्ण जुळलेल्या सख्ख्या भावाचाही रक्तगट वेगळा निघतो. प्रत्यारोपण त्याने अडत नाही, पण नंतर कुठलं रक्त चढवायचं ते बदलतं.

आणि इथेच जुन्या फाइलवरचा गट बघून रक्त मागवलं जातं. रक्तपेढीत माझी रात्रपाळी होती. रुग्ण ए पॉझिटिव्ह, दाता भाऊ ओ पॉझिटिव्ह, प्रत्यारोपणाचा नववा दिवस. सकाळी 8.4 असलेलं हिमोग्लोबिन रात्री 5.9, लघवी कोऱ्या चहासारखी. निवासी डॉक्टरांचा फोन आला, "ताई, ए पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या लगेच द्या." म्हटलं, "डॉक्टर, आधी डायरेक्ट कूम्ब्जला नमुना पाठवा." लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का, ते या चाचणीत कळतं. ते चिडले. कूम्ब्ज पॉझिटिव्ह आली. भावाच्या स्टेम सेलबरोबर आलेल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी ए गटाविरुद्ध अँटिबॉडी बनवत होत्या. ए रक्त देणं म्हणजे आगीत तेल. ओ गटाच्या, रेडिएशन दिलेल्या पिशव्या दिल्या. साधारण 5 ते 15 दिवसांच्या काळात हा धोका असतो. तेव्हा मी कूम्ब्ज आणि एलडीएच (लाल पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वरचेवर करायला लावते.

म्हणून दाखल होतानाच मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिते: लाल पेशी कुठल्या गटाच्या, प्लाझ्मा-प्लेटलेट कुठल्या. वरच्या रुग्णाला लाल पेशी ओ, प्लाझ्मा ए. उलट जोडीत, म्हणजे रुग्ण ओ आणि दाता ए असताना, तेच: लाल पेशी ओ, प्लाझ्मा ए. ए आणि बी अशी जोडी असेल तर लाल पेशी ओ, प्लाझ्मा एबी. फोनवर, आठवणीतून गट सांगणं मला अजिबात मान्य नाही.

रुग्णाकडे दात्याविरुद्ध अँटिबॉडी असतील, तर मॅरोच्या पिशवीतल्या लाल पेशी काढल्याशिवाय ती चढवू नका. दात्याच्या गटावर जायची घाई नको; अँटिबॉडी संपल्या आणि कूम्ब्ज निगेटिव्ह आली, मगच.

रुग्ण ओ, दाता ए असताना पांढऱ्या पेशी, प्लेटलेट येतात, पण रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) महिनोन् महिने शून्याजवळ. लगेच 'ग्राफ्ट फेल' (दात्याच्या पेशी रुजल्याच नाहीत) म्हणून घरच्यांना घाबरवू नका. रुग्णाच्या जुन्या प्लाझ्मा पेशी अजून ए गटाविरुद्ध अँटिबॉडी बनवत असतात. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, दर आठवड्याला बघा. पुष्कळदा तो उतरतो आणि लाल पेशी आपोआप येतात. तोवर फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी) विसरू नका, प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं.