जगाचा इतिहास लिहिताय? मग या चुका टाळा

पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत मी गेली अकरा वर्षं स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे पेपर तपासतोय. जीएस-१, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरातला, जगाचा इतिहास माझ्याकडे. साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, दोन महायुद्धं. बॅच बदलते, चुका मात्र मागच्या बॅचकडून वारशाने आल्यासारख्या त्याच.

पहिला मान 'मेन'चा. मिलिटरिझम, अलायन्स, इम्पिरिअलिझम, नॅशनॅलिझम या चार शब्दांची पहिली अक्षरं जोडली की झाली पहिल्या महायुद्धाची कारणं. हा मंत्र कुठल्या तरी व्हिडिओतून येतो, आणि पोरगं चार मथळे टाकून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून मोकळं होतं. गेल्या दिवाळीनंतरच्या टेस्टला एकतीस पेपर आले, त्यांतल्या सव्वीसांत हे चार मथळे त्याच क्रमाने. एकाला उभं केलं. "अलायन्समुळे युद्ध पेटलं म्हणतोस, मग इटली कुणाकडून लढली?"

"जर्मनीकडून, सर. त्रिराष्ट्र करार, १८८२." छाती फुगवून.

करार बरोबर, साल बरोबर, उत्तर चूक. १९१४ मध्ये इटली तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये उलट ऑस्ट्रियावरच चालून गेली. कारण एप्रिलमध्ये लंडनला गुप्त करार झाला होता, आणि त्यात त्रेंतिनो, त्रिएस्त असे ऑस्ट्रियाच्या ताब्यातले प्रदेश तिला कबूल झाले होते. आपली भाषा बोलणारी माणसं आपल्या झेंड्याखाली यावीत, हा झाला राष्ट्रवाद. त्याच यादीत जिथे इटालियन बोलणारे नाहीत असाही मुलूख घुसडला, हा झाला साम्राज्यवाद. आणि दोन्हींपायी आधीचा करार गेला कचऱ्यात. तुमचे तीन मथळे या एका उदाहरणात एकमेकांत गुंतलेत. ते सुटे करून चार डब्यांत भरले की उत्तरातला जीवच जातो.

यावर माझी एक सवय सांगतो, पटली तर घ्या. २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ हे सदतीस दिवस हाताने एका पानावर लिहून काढा. २८ जूनला साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या. ५ जुलैला कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, ऑस्ट्रियाला 'आम्ही पाठीशी आहोत' असा शब्द. २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता, २८ जुलैला युद्धाची घोषणा. १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध, ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध, ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात. प्रत्येक तारखेसमोर एकच प्रश्न लिहा: इथे थांबता आलं असतं का, आणि कुणाला? अर्धा तास लागतो. अर्धा तास नाही म्हणणारी पोरं रात्री दोनपर्यंत टपरीवर 'स्ट्रॅटेजी' ठरवत बसलेली मी पाहिलीत.

दुसरी चूक माझ्या जिव्हारी लागते, म्हणून जरा लांबण लावतो. "पहिले महायुद्ध हे प्रामुख्याने युरोपीय राष्ट्रांमधील युद्ध असल्याने भारतावर त्याचा मर्यादित परिणाम झाला." हे वाक्य तीन वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातल्या एका पोराने लिहिलं. मी समासात लिहिलं, 'अपशिंग्याला जाऊन ये.' साताऱ्यापासून हाकेवरचं हे गाव. नावातच मिलिटरी आहे आणि त्या युद्धात तिथले ४६ जवान गेले. पोरगं अपशिंग्याला गेलं नाही. आठवड्याने आलं ते घरचीच एक वस्तू रुमालात बांधून.

रुमाल सोडला तर चांदीचा जाड वाटोळा तुकडा. वरची कडी तुटलेली. आई तो देव्हाऱ्यात ठेवायची, आजेसासऱ्यांचा बंदा रुपया म्हणून. दर दिवाळीला त्याला हळदकुंकू. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, कपाळावर आणि दाढीत कुंकवाचा थर बसलेला. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८. मी म्हटलं, बाळा, रुपयावर घोडा कुठे असतो? मग कडेवरून ओला बोळा फिरवला आणि भिंगातून पाहिलं. हे होतं ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धातल्या शिपायांना मिळालेलं. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नंबराचे दोन आकडे घासून गेलेले, नाव लागलं, आणि पुढे '११० मराठा'.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतला तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. जवळपास पाच महिने वेढा चालला. शेवटी घोडे मारून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेला. आता विचारा, जावळी-कोरेगावचा शेतकरी तैग्रिसच्या काठावर करत काय होता? तर इराणमधल्या आबादानची तेल रिफायनरी आणि पाइपलाइन राखायची होती, आणि त्या तेल कंपनीत ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता. साम्राज्यवाद म्हणजे काय, हे त्या पोराच्या देव्हाऱ्यात होतं, आणि तो उत्तर शोधत होता पीडीएफमध्ये. (मेडलची पूजा अजून चालू आहे. मी काही बोललो नाही.)

बाकीच्या चुका भराभर.

'बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली.' १८८४-८५ च्या त्या परिषदेत नकाशावर सगळ्या रेघा मारल्या गेल्या नाहीत. ताबा कधी खरा मानायचा, काँगो आणि नायजरवर व्यापार कसा चालायचा, याचे नियम ठरले. रेघा पुढे दोघादोघांच्या तहांत पडत गेल्या. आणि इथिओपियाने १८९६ मध्ये अडोव्याला इटलीला धूळ चारली, हे लिहायला कुणी बंदी केलेली नाही.

'साम्राज्यवाद म्हणजे तोफा.' साताऱ्यात बसून हे लिहायला धाडस लागतं. १८३९ मध्ये इंग्रजांनी चीनशी अफूचं युद्ध सुरू केलं ते जहाजांनी. त्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं ते कारस्थानाचा आरोप ठेवून. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले, डलहौसीने दत्तक नाकारला आणि संस्थान खालसा. तोफ कुठे उडाली? महाराजांचे वकील रंगो बापूजी कैक वर्षं लंडनला अर्ज करत बसले. माझ्या वहीत म्हणून दोन रकाने असतात, डावीकडे जग, उजवीकडे सातारा. १८४८ ला डावीकडे युरोपभर क्रांत्या आहेत.

'व्हर्सायमुळे हिटलर आला.' मग १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्केच मतं का पडली? व्हर्सायचा तह तर तोवर नऊ वर्षांचा झाला होता. जुलै १९३२ ला ती ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात महामंदी आली आणि लाखो कामगार बेकार झाले. तह हे सरपण होतं, काडी नंतर पडली. आणि जर्मनीने द्यायच्या नुकसानभरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा तहात शोधू नका, तो १९२१ मध्ये ठरला.

'राष्ट्रवाद एक तर सगळा चांगला, नाहीतर सगळा वाईट.' ज्या हत्याराने १८७१ मध्ये जर्मनी जोडली, त्यानेच ऑस्ट्रिया-हंगेरी फोडली. एवढं लिहा.

ऑस्ट्रियाचा ऑस्ट्रेलिया करू नका. दरवर्षी एक तरी करतो.

येत्या रविवारी टेस्ट आहे, तिचा विषय आत्ताच फोडतो: १९१९. १ मार्चला कोरियात लोक जपानविरुद्ध रस्त्यावर. त्याच महिन्यात राष्ट्रवादी नेता झगलूल याला इंग्रजांनी पकडल्यावर इजिप्त पेटलेलं. १३ एप्रिलला जालियनवाला. ४ मे ला बीजिंगमध्ये विद्यार्थी, कारण चीन दोस्तांच्या बाजूने असूनही त्याच्याच शांटुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला मिळाले. यातला तिसरा प्रसंग तुम्ही भारताच्या वहीत लिहिता, बाकीचे जगाच्या वहीत लिहायचे राहून जातात. चारही एका उत्तरात आणा, अडीचशे शब्दांत. अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन, त्याचं नाव आलंच पाहिजे. मथळे घातलेत तर पेपर तसाच परत देईन.