सर्व्हरचं इन्स्टॉलेशन फसलं? मग या चुका टाळा, आणि क्लाउडवर नेताना तर नक्कीच

इन्स्टॉलेशन जवळपास पूर्ण होत आलेलं असतं, अचानक रोलबॅक (झालेले बदल मागे घेणं) सुरू होतो आणि स्क्रीनवर एक एरर उरते. अशा वेळी सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे सगळं काढून टाकून तोच सेटअप पुन्हा चालवणं. पहिल्या प्रयत्नातला अर्धवट डेटाबेस, सर्व्हिसची नोंद, फोल्डरच्या परवानग्या हे सगळं मागे राहिलेलं असतं. त्यामुळे दुसरा प्रयत्न भलत्याच कारणाने फसतो. शिवाय जुना लॉग (सेटअपने काय काय केलं याची नोंद ठेवणारी फाइल) पुसला गेला, तर मूळ कारण शोधायचा मार्गच बंद होतो. म्हणून सगळ्यात आधी लॉग दुसरीकडे कॉपी करून ठेवा, बाकीचं नंतर.

लॉग वाचतानाही गल्लत होते. विंडोजवरचा 1603 हा एरर क्रमांक 'इन्स्टॉलेशन फसलं' यापलीकडे काहीच सांगत नाही. तो गूगलवर शोधत बसण्यात वेळ जातो, कारण एकाच क्रमांकामागे शेकडो वेगवेगळी कारणं सापडतात. त्यापेक्षा एमएसआय (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलचा एक प्रकार) सेटअप सविस्तर लॉगसह चालवा, लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू 3' शोधा आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचा. खरं दुखणं बहुधा तिथेच असतं. जावावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं, तिथे सर्वांत खालचं 'कॉज्ड बाय' बघायचं.

सेटअप काही गोष्टी न विचारता गृहीत धरतो: मशीनचं नाव बरोबर आहे, घड्याळ बरोबर आहे, जागा आहे, परवानगी आहे. माझ्या मते एरर शोधण्याआधी ही चार गृहीतकं तपासावीत.

नावापासून सुरुवात करा. होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्ते यांची मशीनवरची यादी) सर्व्हरचं स्वतःचं नाव 127.0.0.1 ला, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्याला, जोडलेलं असेल, तर काही सॉफ्टवेअर फक्त त्याच पत्त्यावर ऐकत बसतात. सर्व्हरवर बसून बघितलं तर सगळं छान चालतं, शेजारच्या मशीनवरून काहीच उघडत नाही. घड्याळाचंही तसंच. नेटवर्कवर ओळख तपासणारा कर्बेरॉस सामान्यतः 5 मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. जुन्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाची जतन केलेली प्रत) व्हर्च्युअल मशीन परत आणलं आणि वेळ मागे राहिली, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

जागेबद्दल लिनक्सवर एक फसवी परिस्थिती येते: डिस्कवर भरपूर गीगाबाइट मोकळे दिसतात, तरी 'जागा नाही' असा एरर येतो. लाखो छोट्या फाइल्समुळे आयनोड (प्रत्येक फाइलच्या माहितीसाठी लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात. डीएफ कमांडला 'आय' हा पर्याय देऊन ते लगेच दिसतं.

परवानगीच्या बाबतीत मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. एसईलिनक्स (लिनक्सवरचं जादा सुरक्षा-नियंत्रण) कायमचं बंद करणं आणि फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देणं हे उपाय नव्हेत. तपासणीसाठी एसईलिनक्स काही मिनिटं परमिसिव्ह मोडमध्ये (अडवायचं नाही, फक्त नोंद करायची) ठेवायला हरकत नाही. तेवढ्याने काम झालं, तर ऑडिट लॉगमध्ये नेमकं काय नाकारलं गेलं ते बघा आणि तेवढीच परवानगी द्या. वेब सर्व्हरला मागच्या ॲप्लिकेशनशी जोडताना अनेकदा 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' एवढं एक बूलियन (चालू-बंद करायची सेटिंग) चालू करणं पुरतं. त्यासाठी अख्खं संरक्षण उतरवून ठेवायची गरज नाही.

जोडणी होत नसेल तर एररचे शब्द नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुतेक वेळा तुमची विनंती मशीनपर्यंत पोहोचली आहे, पण त्या पोर्टवर (सर्व्हिसच्या ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नाही. म्हणजे सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट चुकीचा आहे. 'टाइम आउट' झालं, तर वाटेत कोणीतरी, बहुधा फायरवॉल, डेटाची पाकिटं गिळत आहे. एवढा एक फरक ओळखला तरी सर्व्हर टीम आणि नेटवर्क टीम यांच्यातली बरीच टोलवाटोलवी वाचते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या नेम्ड इन्स्टन्ससाठी (स्वतंत्र नाव देऊन बसवलेली प्रत) नुसता नेहमीचा पोर्ट 1433 उघडून भागत नाही. त्याचा पोर्ट बदलता असतो आणि तो शोधायला यूडीपी 1434 लागतो. सरळ पोर्ट कायम करून टाकावा.

क्लाउडवर गेलं की हीच गृहीतकं नव्याने मोडतात. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरची पुण्यातली सेवा 2015 पासून आणि ॲमेझॉनची मुंबईतली 2016 पासून सुरू आहे. त्यामुळे अंतराचा प्रश्न संपला असं अनेकांना वाटतं. पण ॲप्लिकेशन क्लाउडवर आणि डेटाबेस ऑफिसातच, अशी अर्धी हलवाहलव केली तर काय होतं? समजा एक स्क्रीन उघडायला एकापाठोपाठ 800 क्वेरी (डेटाबेसकडे केलेल्या विचारणा) लागतात. ऑफिसच्या नेटवर्कवर प्रत्येकीला अर्धा मिलिसेकंद लागला, तर एकूण 0.4 सेकंद. तोच वेळ 15 मिलिसेकंद झाला, की 12 सेकंद. इथे जास्त बँडविड्थ विकत घेऊन काही होत नाही. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकत्रच हलवा, नाहीतर आधी क्वेरींची संख्या कमी करा.

अझ्युरच्या अनेक विंडोज मशीनवर डी ड्राइव्ह तात्पुरता असतो. मशीन डीॲलोकेट केलं (बंद करून त्याचं हार्डवेअर सोडून दिलं) की त्यावरचा डेटा जातो. तिथे डेटाबेसच्या फाइल्स ठेवणं म्हणजे डेटा गमावण्याची तयारी. ॲमेझॉनच्या इन्स्टन्स स्टोअर या तात्पुरत्या डिस्कचंही तेच. मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्यावर तिथला सार्वजनिक आयपीही बदलतो, स्थिर आयपी घेतला नसेल तर. आणि नेहमीच्या पोर्ट 25 वरून अलर्टचे मेल जात नसतील, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या की ॲमेझॉन तो पोर्ट बाहेर जाण्यासाठी मुळातच अडवतं. लॉगिनसह 587 वापरा.

बॅकअप क्लाउड कंपनी आपोआप घेते, हा सगळ्यात महागात पडणारा समज. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यातल्या काहींचा तोही गेला. प्रोग्रामरचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबचं उदाहरण आणखी शिकण्यासारखं आहे, कारण त्यांनी सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला. 31 जानेवारी 2017 ला एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. रोजचा बॅकअप चालू आहे असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 9.6 आवृत्तीवर होता आणि बॅकअपचं साधन 9.2 चं चालत होतं, त्यामुळे बॅकअप रोज फसत होता. तसं कळवणारे मेलही नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट हाती होता, त्यावर निभावलं.

म्हणून बॅकअपचा हिरवा टिक बघून थांबू नका. ठरावीक काळाने एका रिकाम्या मशीनवर तो रिस्टोअर करा, ॲप्लिकेशन त्याला जोडा, लॉगिन करून कालची एखादी नोंद दिसते का बघा, आणि याला किती वेळ लागला तो लिहून ठेवा. हे काम स्थलांतराच्या तारखेआधी एकदा तरी झालेलं असू द्या, आणि ज्याने मूळ सेटअप केला त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा.